गाडगेबाबा आणि लोकांच्या पैशाचा हिशोब



दिंडीच्या शताब्दी अंकात संतचरित्र असणारच. ज्ञानोबा-तुकोबांविषयी, हैबतबाबांविषयी या अंकात इतर माउलींनी लिहिलं आहे. आमच्या वाट्याला गाडगेबाबा आले, किंवा खरं सांगायचं तर आम्ही ते मागून घेतले. मंडळात एक-दोघांनी विचारलंही, की बाबा काही कुठल्या फडाचे नव्हेत, देवळातल्या दर्शनापेक्षा त्यांचा जीव वाळवंट झाडण्यात, मग आपल्या अंकात ते कसे? आमचं उत्तर साधं होतं. यंदा आपली दिंडी पंढरपुरात मुक्कामाची इमारत बांधायला निघाली आहे. शंभर वर्षं आपण तांदूळ, डाळ, ताडपत्री आणि ट्रकचं भाडं एवढाच व्यवहार केला. आता सिमेंट, सळई, वाळू, नळ, वायरिंग आणि ठेकेदार आला. लोकांचा पैसा घेऊन लोकांसाठी खरेदी कशी करावी, हे ज्यांनी महाराष्ट्राला स्वतः करून दाखवलं त्यांचं चरित्र यंदा वाचायचं नाही तर कधी?

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेंडगाव, आजचा अंजनगाव सुर्जी तालुका, अमरावती जिल्हा. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखूबाई, घर परिटाचं. मुलाचं नाव देबूजी. झिंगराजींना दारूचं व्यसन लागलं आणि त्यातच ते गेले. पोर तेव्हा लहान होतं. सखूबाई त्याला घेऊन माहेरी आल्या, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. शाळा नशिबी नव्हती. देबूजी गुरं राखायला लागला, मग नांगर धरायला. अंगानं मजबूत, कामाला वाघ. मामा चंद्रभान यांची शेती त्यानं आपल्या घामानं हिरवी केली.

आणि तीच शेती सावकाराच्या कर्जात गेली. त्या काळच्या वऱ्हाडात हे घरोघरी चाललेलं. वाचता येत नाही, कागदावर काय लिहिलंय ते कळत नाही, समोरचा गोड बोलतोय म्हणून अंगठा उठवायचा, आणि व्याज मात्र रात्री झोपत नाही. मामांनी त्या धसक्यानं अंथरूण धरलं ते उठलेच नाहीत. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा देबूजी बांधावर आडवा उभा राहिला. परिटाच्या पोरानं सावकाराला अडवलं ही गोष्ट त्या मुलखात पुढे बरीच वर्षं सांगितली जायची.

बाबांच्या चरित्रात हा प्रसंग बहुतेक लोक शौर्याची गोष्ट म्हणून वाचतात. आम्हाला त्यात आणखी काहीतरी दिसतं. न वाचलेला कागद घर बुडवतो हे त्या मुलानं स्वतःच्या घरात पाहिलं. पुढे आयुष्यभर बाबांनी कीर्तनात दोन गोष्टी सोडल्या नाहीत. कर्ज काढून सण आणि लग्न करू नका, आणि घरातली भांडी मोडायची वेळ आली तरी पोराला शाळेत घाला. दोन्हींचं मूळ दापुऱ्याच्या त्या बांधावर आहे असं आम्हाला वाटतं.

१८९२ साली देबूजींचं लग्न कुंताबाईंशी झालं. पहिल्या मुलीच्या बारशाला जातपंगत बसायची, आणि रीत अशी की पंगतीला मटण आणि दारू हवीच. नाही दिली तर भाऊबंद रुसणार, दिली तर कर्ज होणार. देबूजींनी गोड जेवण केलं. लोक कुरकुरले, पण जेवून गेले. आज वाचताना ही बाब लहान वाटते. पण पंगतीला काय आणायचं हे रूढीनं ठरवायचं नाही, गरजेनं आणि ऐपतीनं ठरवायचं, हा खरेदीचा पहिला धडा त्या बारशात आहे. आपल्याकडेही मागच्या वर्षी आणलं म्हणून याही वर्षी आणायचं अशी किती यादी असते, ते भांडारगृह सांभाळणाऱ्या माउलींना विचारा.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी देबूजींनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि मातीचं गाडगं. त्या गाडग्यावरून लोकांनी नाव ठेवलं. खायचं त्यातच, प्यायचं त्यातच. गावात शिरले की हातात झाडू घ्यायचे. कुणाचा रस्ता झाड, कुणाची लाकडं फोड, आणि मग भाकर माग. काम न करता मिळालेली भाकर त्यांना नको असायची. पाया पडायला कुणी वाकलं तर चिडायचे. रात्री कीर्तन. त्यात ते सांगायचे कमी आणि विचारायचे जास्त. श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे.

भटकंतीत यात्रा लागायच्या. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी चिखल असायचा. म्हातारी माणसं, कडेवर पोर घेतलेल्या बाया घसरायच्या. बाबांनी आधी स्वतः राबून वाट सुधारली, मग लोकांना हाक दिली आणि तिथं घाट उभा राहिला. बाबांच्या बांधकामांची सुरुवात अशी झाली. आधी डोळ्यांनी अडचण पाहिली, मग स्वतःचे हात लावले, पैसा त्यानंतर मागितला. हा क्रम त्यांनी पुढे मोडला नाही.

पंढरपुरात तर अडचण उघड्यावर पडलेली होती. आषाढीचा पाऊस, चंद्रभागेचं वाळवंट, आणि लाखाची यात्रा. ज्यांना समाजानं अस्पृश्य ठरवलं होतं त्या वारकऱ्यांना धर्मशाळेची पायरीही चढता येत नव्हती. विठोबासाठी शंभर-दोनशे मैल चालून आलेला माणूस भिजत उघड्यावर झोपायचा. ज्या देवळाच्या पायरीशी चोखोबांची समाधी आहे, त्या देवळाचं दार या लोकांना १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडलं. बाबा त्याच्या कितीतरी आधी कामाला लागले होते. देऊळ उघडेल तेव्हा उघडेल, आज रात्री डोक्यावर छप्पर तरी हवं, असा त्यांचा हिशोब. त्यातून चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पंढरपुरात मराठा धर्मशाळा झाली, परीट धर्मशाळा झाली. नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणीही यात्रेकरूंसाठी इमारती आणि अन्नछत्रं झाली. आंधळे, पांगळे, महारोगी यांना जेवण आणि कपडे वाटण्याचं काम बरोबर चालूच. शेवटच्या वर्षांत मुंबईत जे. जे. रुग्णालयात उपचाराला आणलेल्या गरीब रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. गावाकडून आलेला माणूस पेशंटला आत ठेवून स्वतः फुटपाथवर झोपतो, हे बाबांनी पाहिलेलं.

आता जरा थांबून विचार करा माउली. एक धर्मशाळा म्हणजे काय काय? जागेचं खरेदीखत, दगड, वीट, चुना, लाकूड, लोखंड, पाथरवट, गवंडी, सुतार, बैलगाडीचं भाडं, मजुरांची हजेरी. प्रत्येक ठिकाणी दर ठरवायचा, प्रत्येक ठिकाणी माल मोजून घ्यायचा. अशा एक नाही, अनेक इमारती. आणि हे उभं करणारा माणूस निरक्षर, ज्याच्याकडे स्वतःची पेटी नाही, वही नाही, बसायला गादी नाही. हे जमलं कसं?

बाबांच्या वागण्यातून आम्हाला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट अशी की त्यांनी पैसा स्वतःजवळ ठेवला नाही. कीर्तनातून आणि गाठीभेटींतून देणगी उभी करायची, पण ती सांभाळायची विश्वस्तांनी आणि कामाची जबाबदारी घेतलेल्या माणसांनी. मागणारा एक, सांभाळणारा दुसरा. देणाऱ्याला ठाऊक असायचं, की या गाडगंवाल्याच्या हाताला आपला रुपया चिकटणार नाही, कारण तो ठेवायला त्याच्या चिंध्यांना खिसाच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लेखी कागद. स्वतःला वाचता येत नसलं तरी कागदाशिवाय त्यांनी संस्था ठेवल्या नाहीत. इमारती विश्वस्त मंडळांच्या नावे केल्या. त्यावर बाबांचा स्वतःचा हक्क नाही आणि त्यांच्या नात्यातल्या कुणाचाही नाही, अशी व्यवस्था केली. १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झालं आणि विखुरलेल्या कामांना एक घर मिळालं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९५० साली, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आला होता. आपल्या दिंडीचा न्यासही त्याच कायद्याखाली येतो. हिशोबाची तपासणी करून घ्यायची, आणि न्यासाची जागा धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकायची नाही, हे त्यातलेच नियम. काही जणांना ही सरकारी कटकट वाटते. बाबांनी मात्र लोकांच्या मालमत्तेभोवती कुंपण आपण होऊन घातलं होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात कठीण. ती घरच्यांची. कुंताबाईंनी झोपडीत दिवस काढले. ज्याच्या शब्दावर दगडी इमारती उभ्या राहिल्या त्याची बायको गवताच्या छपराखाली राहिली. धर्मशाळा लोकांची आहे, आपल्या माणसांनी तिचा फायदा घ्यायचा नाही, यात बाबांनी सूट दिली नाही. हे वाचताना आम्हाला कुंताबाईंसाठी वाईट वाटतं, आणि ते वाटायलाच हवं. बाबांच्या नावाला जी किंमत आहे, तिचा मोठा हप्ता या माउलीनं भरला. त्यांचं नाव अशा अंकांत फार कमी येतं, म्हणून इथं मुद्दाम लिहिलं.

इमारत बांधणं जमतं, ती सोडणं जमत नाही, असं आपण पुष्कळ ठिकाणी पाहतो. बाबांना तेही जमलं. १९४९ साली त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेच्या निवाऱ्यापेक्षा त्या समाजाच्या शिक्षणाला ती जास्त उपयोगी पडेल, हे ओळखून. दगड-चुना ज्यांच्यासाठी घेतला होता, त्यांच्याच हातात गेला. कर्मवीर भाऊराव पाटलांवरही बाबांचा असाच जीव, आणि कर्मवीरांचा बाबांवर. रयत शिक्षण संस्थेनं १९५४ मध्ये कराडला जे महाविद्यालय काढलं त्याला नाव दिलं ते सद्गुरू गाडगे महाराजांचं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाचं नाव कॉलेजला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. वय ऐंशी. माणूस प्रवासातच गेला. मागे धर्मशाळा, शाळा, अन्नछत्रं. स्वतःच्या नावावर म्हणावं तर गाडगं आणि झाडू.

आता आपल्या दिंडीकडे येऊ.

इमारतीच्या कामासाठी मंडळाच्या बैठका सुरू आहेत. दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं माळकरी आहेत, प्रामाणिक आहेत. एक मत असं, की आपल्यातलाच एक बांधकामवाला आहे, वारी चुकवत नाही, उधारीवर काम करील, त्याला द्या आणि मोकळे व्हा. बाहेरचा माणूस आणून उगाच दरपत्रकं कशाला मागवायची? दुसरं मत असं, की तीन ठिकाणांहून बंद पाकिटात दर घ्या, पंचांसमोर फोडा, मग ठरवा. आवाज थोडे चढले. दिंडीत असे आवाज चढणं आम्हाला कुणालाच बरं वाटत नाही. आपल्या माणसाकडे दर मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं काहींच्या मनाला लागलं.

आम्हाला बाबांच्या चरित्रातून जे कळलं ते इथं मांडतो. बाबांचा कुंताबाईंवर अविश्वास होता का? नव्हता. व्यवस्थेचे नियम माणूस वाईट आहे म्हणून करायचे नसतात. चांगल्या माणसावर उद्या कुणी बोट ठेवू नये म्हणून ते करायचे. आपल्या माळकरी भावानंही पाकीट द्यावं. त्याचा दर योग्य ठरला तर तो ताठ मानेनं काम करील. आणि त्याच्या घरातलं कुणी मंडळावर असेल, तर पाकिटं फोडताना त्या माउलीनं उठून बाहेर बसावं. एवढ्यानं मैत्रीही राहते आणि दिंडीचं नावही.

आणखी काही गोष्टी, अनुभवी माउलींशी बोलून जमवलेल्या:

दर घेताना सगळ्यांना एकच यादी द्यावी. किती चौरस फूट, कुठली वीट, सिमेंट कुठल्या प्रतीचं, फरशी कोणती, कर धरून की कर सोडून. यादी वेगळी असेल तर स्वस्त कोण हे कळणारच नाही.

करार लेखी असावा. काम कधी संपणार, उशीर झाला तर काय, मालाचे भाव वाढले तर वाढीव कोण सोसणार, हे आधीच लिहावं. उचल बेताची द्यावी. पाया झाला की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा, असं मोजमाप घेऊन द्यावं. रकमेचा थोडा भाग पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा. छत गळतं की नाही हे आषाढ सांगतो, ठेकेदार नाही.

माल उतरवून घेणारा वेगळा, बिल मंजूर करणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा असावा. पोती मोजणाऱ्यानं चलनावर सही करावी, आणि न मोजता कधीच करू नये. कुणी सिमेंट किंवा विटा दान दिल्या तर त्याही वहीत चढवाव्यात.

वारीच्या खरेदीलाही हेच लागू. टँकर ठरवताना नुसता दिवसाचा दर ठरवून भागत नाही. किती फेऱ्या, पाणी कुठं भरणार, गाडी बंद पडली तर बदली कोण देणार, हे लिहून घ्यावं. ज्वारी, तूरडाळ, गूळ हंगामात घेऊन ठेवावं. ज्येष्ठात बाजारात गेलं की सगळ्याच दिंड्या तिथं असतात आणि व्यापाऱ्याला ते माहीत असतं.

देणगी आणि दर एकत्र करू नयेत. मंडपवाल्याला किंवा ठेकेदाराला आपण म्हणतो, देवाचं काम आहे, काहीतरी सोडा. तो आधीच तेवढं वाढवून सांगतो. आपल्याला वाटतं त्यानं दान दिलं, त्याला माहीत असतं कुणी कुणाला दिलं. त्याचा योग्य दर त्याला द्यावा. मग त्याला वाटलं तर त्यानं रांगेत येऊन पावती फाडावी, इतरांसारखी.

आणि ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी द्यावेत. बाबा काम केल्याशिवाय भाकर घेत नसत. त्याची दुसरी बाजूही आपण लक्षात ठेवावी, की ज्यानं काम केलं त्याची भाकर अडवू नये. आचारी, हमाल, ट्रकचा क्लीनर, गवंड्याच्या हाताखालची बाई, हेही माउलीच. पालखीपुढं लोटांगण घालायचं आणि मजुरी पुढच्या महिन्यावर ढकलायची, हे विठोबाला कसं चालेल?

शेवटी हिशोब वाचावा. काल्याच्या कीर्तनानंतर, प्रसाद वाटायच्या आधी, उभ्यानं, मोठ्यानं. आपल्या दिंडीत मोलमजुरी करून पन्नास रुपयांची पावती घेणाऱ्या बाया आहेत. ती पावती त्या पोथीत ठेवतात. त्यांना वहीतलं सगळं कळेल असं नाही, पण आपल्या पन्नास रुपयांचं काय झालं हे कुणीतरी आपल्यासमोर सांगतंय, एवढं त्यांना कळतं. देणारे लाखाचे असोत की पन्नासाचे, हिशोब ऐकायचा हक्क सारखाच.

हा अंक आपल्या हातात पडेल तोवर पाकिटांचा निर्णय झालेला असेल. तो कसाही होवो, इमारत उभी राहीलच, पांडुरंगाच्या कृपेनं. पण तिच्या पहिल्या मुक्कामाला, पहाटे काकड्याच्या आधी, संपादक मंडळातले आम्ही सगळे झाडू घेऊन येणार आहोत. ज्या माउलींना जमेल त्यांनी यावं. झाडू मात्र घरूनच आणावा, त्याचं बिल दिंडीला लावू नये.

रामकृष्ण हरी!